तळेगाव ढमढेरे परिसरातील पर्यटन

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील वेळ नदीकाठचे तळेगाव ढमढेरे हे बाजारपेठेचे गाव. पुणे-अहिल्यानगर महामार्गावरील शिक्रापूर येथून जवळच. परिसरात यात्रेकरू फार पूर्वीपासून येतात. हौशी प्रवाशांची वर्दळ मात्र अलीकडची. अष्टविनायकांपैकी रांजणगावचा महागणपती हे येथील मुख्य आकर्षण असून अष्टविनायक यात्रेच्या बसगाड्या तेथे वर्षभर थांबतात. वढू बुद्रुक येथे छत्रपती संभाजी महाराजांची समाधी, तर पाबळला मस्तानीची कबर आहे. कोरेगावच्या १८१८ च्या लढाईचा जयस्तंभ भीमेपलीकडे पेरणे (ता. हवेली) येथे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १ जानेवारी १९२७ रोजी त्यास भेट दिली. दरवर्षी त्या दिवशी तेथे लाखो अनुयायी जमतात. त्यांच्यासाठी ही मानवंदना असते. तिला सहल म्हणणे अप्रस्तुत ठरेल.

मोराची चिंचोली येथील कृषिपर्यटन निराळ्या धर्तीचे. मोर, हुरडा, बैलगाडीची फेरी आणि चुलीवरची पिठले-भाकरी यांसाठी शहरी कुटुंबे येतात आणि शेतकऱ्याला घरबसल्या जोडउत्पन्न मिळते. राज्याचे कृषिपर्यटन धोरण २०२० मध्ये आले. चिंचोलीने ही वाट त्याआधीच धरली होती. या सर्व स्थळांना जोडणारा आखीव पर्यटनमार्ग नसल्याने बहुतेक प्रवासी एकच ठिकाण पाहून परततात आणि तळेगावच्या बाजारपेठेला पर्यटनाचा लाभ बेताचाच होतो.