गाडी दम का सोडते?

या आठवड्यात ऑफिसात तीन रात्री जागलो. आमची एक सिस्टीम रोज संध्याकाळी मरगळायची. सर्व्हर बदलला, मेमरी वाढवली, क्वेऱ्या पुन्हा पुन्हा तपासल्या, फरक शून्य. शेवटी कळलं की आमच्याकडे सगळं ठीकठाक होतं, दुसऱ्या टीमकडून येणाऱ्या फायलींतच कचरा होता. मॅनेजर म्हणाला, "असं मुळापर्यंत जायला कुठे शिकलास?" मी म्हटलं, "आर्वीला, गॅरेजमध्ये." तो हसला. पण मी खरंच सांगत होतो.

गोष्ट २०१० च्या दिवाळीची. मी तेव्हा सातवीत. मामाची काळीपिवळी जीप आर्वी-तळेगाव रस्त्यावर चालायची, आणि सुट्टीत मी तिचा बिनपगारी क्लीनर. कधी लग्नाची सवारी मिळाली की कारंजा (घाडगे) पर्यंत फेरी व्हायची. त्या दिवाळीत गाडीने चढावर दम सोडायला सुरुवात केली. सपाटीला ठीक, पण चढ आला की पिकअपच घेईना. एकदा तर सवाऱ्यांना उतरून चालावं लागलं. मामाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं!

मिस्त्रीकाकांनी बॉनेट उघडायच्या आधी धूर पाहिला. म्हणाले, "धूर काळा असन तं हवा कमी. धूर नाही अन् गाडी ओढत नाही, तं डिझल कमी." आमच्या गाडीला धूर नव्हता. मग त्यांनी डिझेल टाकीचं झाकण सैल करून गाडी चालवायला लावली. झाकणातलं हवेचं भोक बुजलं तर टाकीत पोकळी होते आणि डिझेल पुढे येत नाही. ते नव्हतं. मग फिल्टर बदलला. मग फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारला आणि बुडबुडे येतात का ते पाहिलं. लाईनने एअर धरली असेल तर तिथे फेस दिसतो. तेही नव्हतं. आधी फुकटातलं तपासायचं, मग स्वस्तातलं, आणि महागड्या पंपाला हात सर्वांत शेवटी! हा क्रम मला इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत कुणी शिकवला नाही.

शेवटी त्यांनी टाकीतलं डिझेल बाटलीत काढलं, बोटांवर चोळलं, वास घेतला आणि मामाकडे नुसतं पाहिलं. "भाऊ, हे कुठून भरता?"

मामा गप्प. मग हळूच म्हणाला, "हायवेवरच्या धाब्यावर. लिटरमागं पाच रुपये कमी लागते."

"मंग बरोबर हाय. अर्धं राकेल हाय हे."

आता थोडा इतिहास. रुडॉल्फ डिझेलचं पहिलं यशस्वी इंजिन १८९७ चं, जर्मनीतल्या आउग्सबुर्गचं. पण त्यात इंधन दाबाच्या हवेने आत फुंकावं लागे आणि त्यासाठी भलाथोरला कॉम्प्रेसर लागे. म्हणून हे इंजिन कारखान्यांत नि जहाजांत बसलं, मोटारीत नाही. वाट मोकळी झाली ती बॉश कंपनीच्या इंजेक्शन पंपाने. १९२७ पासून तो कारखान्यात मोठ्या संख्येने बनू लागला आणि डिझेल रस्त्यावर उतरलं. भारतात १९५१ साली बंगळुरूला मायको सुरू झाली, १९५४ साली जमशेदपूरला टाटा-मर्सिडीजचे ट्रक बनू लागले.

या पंपाची सगळी करामत एका दट्ट्यात आहे. दट्ट्या आणि त्याच्या नळीतली फट मिलिमीटरच्या काही हजारांश भागाएवढीच असते. तिथे वेगळं ऑइल पोचत नाही, वंगणाचं काम डिझेलच करतं. रॉकेल पातळ. ते दाबाखाली फटीतून मागे गळतं, नोझलपर्यंत कमी पोचतं, म्हणजे ताकद कमी. त्यात वंगण नाही, म्हणून दट्ट्या झिजतो आणि फट वाढते. मग शुद्ध डिझेल भरलं तरी गेलेला दम परत येत नाही. मामाचा पंप दुरुस्तीला वर्ध्याला गेला, गाडी आठ दिवस उभी राहिली. पाच-पाच रुपये करून वाचवलेलं सगळं त्यात गेलं.

पण धाब्यावर रॉकेल आलं कुठून? इथून पुढचा माग गॅरेजात लागत नाही. जून २०१० च्या दरवाढीनंतरही दिल्लीत रेशनचं रॉकेल लिटरला साधारण १२ रुपये होतं आणि डिझेल ४० च्या आसपास. एवढा फरक म्हणजे चोरीला उघड आमंत्रणच! रेशनच्या रॉकेलला निळा रंग द्यायचे, २००६ च्या ऑक्टोबरपासून त्यात ओळखीचं खास रसायनही घातलं, पण ती योजनाही पुढे गुंडाळली गेली. माझी आजी कॅन घेऊन रेशनच्या रांगेत उभी राहायची आणि "कोटा संपला" ऐकून परत यायची. तो कोटा कुठे संपत होता, ते मला मिस्त्रीकाकांच्या बाटलीत दिसलं.

हा फरक माणसांच्याही जिवावर उठला. १९ नोव्हेंबर २००५ ला उत्तर प्रदेशात लखीमपूर खीरी इथे इंडियन ऑइलचा अधिकारी मंजुनाथ षण्मुगम याचा गोळ्या घालून खून झाला. भेसळीबद्दल एका पंपावर कारवाई केली, एवढाच गुन्हा. वय २७. म्हैसूरला कॉम्प्युटर इंजिनीअरिंग केलेला, मग लखनौचा आयआयएम. माझीच पदवी, जवळपास माझंच वय. तो सॉफ्टवेअरमध्ये गेला असता तर? हा विचार मनातून जात नाही.

आणि आमच्या त्या दिवाळीनंतर तीनेक महिन्यांनी, २५ जानेवारी २०११ ला, मनमाडजवळ पानेवाडीला मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भरदिवसा जिवंत जाळलं. एका धाब्याजवळ टँकरमधलं तेल काढून भेसळ चाललेली त्यांना दिसली आणि ते तिथे थांबले, बस्स. २७ तारखेला राज्यभरातल्या सरकारी कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवलं. माझे बाबा तहसीलमध्ये कारकून, तेही त्यात होते. संध्याकाळी मामा घरी आला होता. बाबा त्या टोळ्यांना शिव्या घालत होते. मामा बराच वेळ पेपरकडे बघत बसला, मग म्हणाला, "आपण घेत होतो म्हणूनच विकत होते ना ते."

त्यावर कुणीच काही बोललं नाही. आमचा धाबा मनमाडपासून शेकडो किलोमीटर दूर, टोळीही वेगळी. पण साखळी त्याच जातीची, आणि तिचं एक टोक आमच्या टाकीत होतं.

पुढे ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून सुटले. २०१६ पासून रॉकेल थोडंथोडं महाग होत गेलं, आणि २०२० पर्यंत त्यावरचं केंद्राचं अनुदान संपलं. मधल्या काळात घरोघरी गॅस आला. दरातली दरी बुजत गेली तशी या चोरीतली मलईही आटली. छापे, निळा रंग, रसायन हे सगळं म्हणजे फिल्टर बदलणं होतं. दोष टाकीत होता.

असो. तुमची जुनी डिझेल गाडी दम सोडत असेल तर आधी धूर बघा, मग झाकण, फिल्टर, एअर. आणि शंका आली तर पंपावर घनता मोजून मागा. तो तुमचा हक्क आहे. जार, हायड्रोमीटर, थर्मामीटर पंपावर ठेवावंच लागतं. १५ अंशांना मोजलेली घनता आणि नोंदीतला आकडा यांत ३ पेक्षा जास्त फरक निघाला तर काहीतरी गडबड आहे.

आणि कुणी पाच रुपये कमी सांगितले, तर मिस्त्रीकाकांचा प्रश्न आधी स्वतःलाच विचारा. "भाऊ, हे कुठून भरता?"