यंत्राला वाट नेमून देणारे नगर

कृत्रिम बुद्धिमत्ता हा शब्द कचेरीत उच्चारला गेला की नव्या कारकुनापासून निवृत्तीस आलेल्या अधिकाऱ्यापर्यंत साऱ्यांच्या मनात एकच शंका डोकावते : हे यंत्र आपले काम हिरावून नेणार काय? चंदीगडात राहणाऱ्या आम्हां मराठी मंडळींना या शंकेचा विचार करण्यास आमच्या पायांखालचे रस्तेच पुष्कळ आहेत.

१९५१ साली ल कॉर्बूझिए यांनी या नगराचा आराखडा हाती घेतला, तेव्हा मोटारीने जगातील अनेक शहरांत पादचाऱ्याचे जिणे अवघड करून टाकले होते. त्यांनी मोटारीला नगरबंदी केली नाही. सारे नगर तिच्या स्वाधीनही केले नाही. त्यांनी रस्त्यांच्या सात श्रेणी ठरविल्या. पहिली परगावांशी जोडणारी, तिसरी सेक्टरांच्या कडेने धावणाऱ्या वेगवान वाहनांची, चौथी बाजाराची, आणि सातवी हिरवळीतून जाणाऱ्या पायवाटांची. सेक्टर सुमारे ८०० मीटर रुंद व १२०० मीटर लांब. पण त्यातील एकाही घराचे दार वेगवान रस्त्यावर उघडायचे नाही, असा दंडक होता. यंत्राचा वेग नाकारला नाही, त्याची जागा मात्र आधी ठरविली.

कचेरीतील यंत्रांबाबतही आपल्या देशाने हाच मार्ग चाचपडत शोधला. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेत सरकार, मालक व कामगार यांनी मान्य केले की, सुधारलेल्या यंत्रपद्धतीमुळे असलेल्या कामगारांची कपात होऊ नये व लाभाची वाटणी न्याय्य व्हावी. पुढे आयुर्विमा महामंडळाने संगणक आणावयाचे ठरविले, तेव्हा कलकत्त्यातील कर्मचाऱ्यांनी कडवा विरोध केला. शेवटी हा प्रश्न पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे गेला. तिचा अहवाल १९७२ मध्ये आला. बँकांत १९८३ साली संघटना व व्यवस्थापन यांच्यात यंत्रीकरणाचा करार झाला. काही कामे लोपली, हे नाकारण्यात अर्थ नाही. तथापि भ्यालेले ते लोक अडाणी नव्हते. लाभ कोणाचा आणि हानी कोणाची, हा त्यांचा प्रश्न रास्त होता, आणि तो विचारला गेला म्हणूनच वाटाघाटी झाल्या.

आज आम्हांला तोच प्रश्न नव्याने विचारला पाहिजे. लांबलचक अहवालाचा गोषवारा, पत्राचा कच्चा मसुदा, आकड्यांची जुळणी ही कामे नव्या यंत्राला खुशाल सोपवावीत. तो त्याचा वेगवान रस्ता आहे. परंतु हे यंत्र खोटी गोष्टही खऱ्याच्या ऐटीत सांगते, म्हणून त्याचा प्रत्येक शब्द मूळ कागदाशी ताडून पाहणे हे आमचे काम. अर्जदाराची खासगी माहिती विनापरवाना त्याच्या हवाली करू नये. कोणाचे निवृत्तिवेतन अडवावे वा कोणाचा अर्ज फेटाळावा, हा निर्णय तर माणसानेच घ्यावा आणि खाली स्वतःची सही करावी. ही आमची सातवी वाट होय.

अर्थात केवळ आराखडा पुरत नाही. आज चंदीगडातही मोटारींची दाटी झाली आहे, आणि पायवाटेच्या तोंडाशीच गाडी उभी केलेली आम्ही नित्य पाहतो. वाट आखून दिली तरी ती रोज मोकळी ठेवावी लागते. ते काम कोणत्याही यंत्राने आपणहून केल्याचे आमच्या पाहण्यात नाही.