चिखला : एका परिसरातील नावांचे थर

खाणीत उतरणारा मनुष्य थर पाहून भूमीचा इतिहास सांगतो. नावांतही असेच थर असतात. ते पाहण्यासाठी आपण भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुक्यात, मँगनीजच्या खाणीसाठी प्रसिद्ध असलेल्या चिखल्यास जाऊ.

‘चिखला’ म्हणताच चिखल आठवतो. तो शब्द जुनाच. प्राकृतात तो ‘चिक्खल्ल’ असा येतो. तथापि केवळ कानावर विसंबून निकाल देऊ नये. चिखलदऱ्याचे नाव लोकपरंपरा चिखलाशी नव्हे, तर महाभारतातील कीचकाशी जोडते. इंग्रजी कागदोपत्री मात्र आपल्या गावाचे ‘चिक्ला’ झाले. हकार गळाला आणि त्याबरोबर चिखलही गेला! खाणीच्या नावात ते रूप आजही चालते.

जवळच डोंगरी बुजुर्ग आहे. ‘डोंगरी’ आपली, ‘बुजुर्ग’ फारशी. अर्थ थोर, वडील. एकाच नावाच्या दोन गावांतील थोरले ते बुजुर्ग, धाकटे ते खुर्द. पुण्याकडे हाच शब्द मराठी तोंडी घोळून ‘बुद्रुक’ झाला. वडगाव बुद्रुक व वडगाव खुर्द ही जोडी सर्वांच्या परिचयाची आहे.

आता खाली उतरू. ‘मँगनीज’ हे नाव ग्रीस देशातील मॅग्नेशिया या प्रांतनामापर्यंत पोचते. ‘मॅग्नेट’ आणि ‘मॅग्नेशियम’ ही त्याचीच भावंडे. हा धातू १७७४ साली स्वीडनमध्ये गान याने वेगळा केला.

मध्य प्रांतातील मँगनीजयुक्त खडकांचा अभ्यास करून भूगर्भशास्त्रज्ञ फर्मर यांनी १९०९ च्या ग्रंथात त्यांतील एका खडकास ‘गोंडाइट’ म्हटले. गोंडांचे नाव अशा रीतीने जगाच्या शास्त्रात गेले. पण गोंड लोक आपल्या भाषेत स्वतःस ‘कोइतूर’ म्हणवतात. ‘गोंड’ हे इतरांनी दिलेले नाव. म्हणजे त्यांचा गौरव झाला तोही परक्याच्या तोंडच्या नावाने.

म्हणून आमची विनंती एवढीच, की गावाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने नकाशा व दप्तर जरूर चाळावे. परंतु तेथील वृद्धांकडून नावाचा उच्चार ऐकून तोही टिपून ठेवावा. दप्तर दुसऱ्याने लिहिलेले असते. उच्चार गावाचा स्वतःचा असतो.