समोरचा

गल्लीतल्या क्रिकेटमध्ये ‘समोरच्यांनी टॉस जिंकला’ म्हटले की समोरचे म्हणजे प्रतिपक्ष, हे कुणाला सांगावे लागत नाही. इंग्रजी ‘अ‍ॅडव्हर्सरी’ची जन्मकथा अगदी हीच. लॅटिन ‘अ‍ॅडव्हर्सस’ म्हणजे आपल्याकडे तोंड करून असलेला. सरावात शत्रूचे सोंग घेणाऱ्या विमानांच्या स्क्वाड्रनना अमेरिकी नौदलाने हाच शब्द दिला. त्यांच्या हवाई दलाने मात्र १९७२ पासून ‘अ‍ॅग्रेसर’ पसंत केला. मुळात तो ‘चालून जाणारा’. (आपला ‘अग्रेसर’ याचा कुणी नव्हे. तो अग्रे सरणारा, पुढारी.) मला नौदलाचा शब्द अधिक नेमका वाटतो. शास्त्रार्थात पूर्वपक्ष मांडणारा काही वैरी नसतो. पण त्याने कच्ची मांडणी केली तर उत्तरपक्षही कच्चाच राहतो.

नौदलात हे काम मुख्यतः राखीव दलाकडे असते. ‘रिझर्व्ह’मधला लॅटिन ‘सर्वारे’ म्हणजे राखणे. आपले ‘राखीव’ त्याला अक्षरशः जुळते. मुरलेले वैमानिक इथे हाती राहतात, ही त्यातली सोय.

या स्क्वाड्रनची नावे लष्करी खाक्याची. ‘व्हीएफसी-१११’ घ्या. ‘व्ही’ म्हणजे हवेपेक्षा जड यान. का, तर ‘उडणे’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून असे सांगतात, दप्तरी पुरावा नाही. ‘एफ’ फायटरचा. ‘सी’ म्हणजे कॉम्पोझिट, मिश्र: पूर्वी या स्क्वाड्रन नेमबाजीसाठी लक्ष्य ओढत नेण्यासारखी पडेल ती कामे करत, त्याची ही खूण.

या १११चे टोपणनाव ‘सनडाउनर्स’. जुन्या खलाशी बोलीत सनडाउनर म्हणजे कडक शिस्तीचा कप्तान. पण १९४२ साली निघालेल्या मूळ स्क्वाड्रनला त्यात जपानचा सूर्य पाडायचा होता. बोधचिन्हावर दोन विमाने समुद्रात बुडत्या सूर्यावर गोळ्या झाडताना दिसतात. ती स्क्वाड्रन १९९५ मध्ये मोडली. २००६ मध्ये फ्लोरिडातल्या की वेस्टला नवी उभी राहिली, तिने नाव आणि सूर्य दोन्ही उचलले. शत्रूला पाडणाऱ्यांचे नाव आता शत्रूचे सोंग घेणारे मिरवतात! त्यांची एफ-५ विमानेही स्वित्झर्लंडने वापरून विकलेली.

१९८६च्या ‘टॉप गन’मधले काळे ‘मिग-२८’ आठवते? तेही एफ-५च होते. मिग-२८ नावाचे लढाऊ विमान रशियाने कधी बनवलेच नाही.