पदक कुणी दिलं, आणि पैसे कुणी भरले?

आजचा विषय पुरस्कारांचा. सिनेमाचे किंवा साहित्याचे पुरस्कार बाजूला ठेवू, आज फक्त धंद्याचे.

अहमदपूर घ्या, उदगीर घ्या, नाही तर लोहा. कुठल्याही तालुक्याच्या गावात फर्निचरच्या दुकानात, दवाखान्यात किंवा क्लासेसच्या ऑफिसात काउंटरच्या मागं बघा. काचेची एक ट्रॉफी असते, शेजारी शाल अंगावर घेतलेला फोटो आणि फोटोत एखादा ओळखीचा नट. चौकात फ्लेक्स लागतो, व्हॉट्सॲपवर दिवसभर हार्दिक अभिनंदन चालतं. या सगळ्याच्या आधी बऱ्याचदा एक फोन आलेला असतो. ‘सर, तुमचं नाव नॉमिनेट झालंय. कार्यक्रम मुंबईत, फाइव्ह स्टार हॉटेलात. फक्त पार्टिसिपेशन फी भरावी लागेल.’ फी कधी पंधरा हजार, कधी पन्नास, कधी त्याहून पुढं.

दोन वर्षांपूर्वी दुकान टाकलेल्या पोराला पंचवीस हजार म्हणजे दोन-तीन महिन्यांचं भाडं असतं. आणि दवाखान्याच्या भिंतीवरची ट्रॉफी बघून जो पेशंट आत शिरतो, त्याचं तर पैशापेक्षाही जास्त पणाला लागलेलं असतं. म्हणून हा विषय हसण्यावारी न्यायचा नाही. पण फोन करणाऱ्याला शिव्या देऊन एपिसोड संपवायचा नाहीये. ही पद्धत आली कुठून, आणि एके काळी पदकाला खरंच किंमत होती का, ते बघू.

सुरुवात लंडनपासून. साल १८५१. हाइड पार्कात काचेचा अवाढव्य महाल उभा केला आणि जगभरातला माल तिथं मांडला. आपला कोहिनूर तेव्हा नुकताच तिकडं गेला होता, तोही तिथंच ठेवलेला. माल मांडणारे सुमारे १४ हजार. त्यांच्यासाठी परीक्षक मंडळं नेमली आणि त्यात निम्मे परीक्षक परदेशी घेतले, घरच्यांनी घरच्यांनाच पदकं वाटली असं कुणी म्हणू नये म्हणून. सगळ्यात वरचं पदक होतं कौन्सिल मेडल. १४ हजारांत ते किती जणांना मिळालं? फक्त १७०.

त्या १७० मधल्या एकाची गोष्ट आपल्या शेतकरी घरांतल्या पोरांना नक्की आवडेल. अमेरिकेतून मॅकॉर्मिक नावाच्या माणसाचं कापणीचं यंत्र आलं होतं. आजच्या हार्वेस्टरचा खापरपणजोबा म्हणा. लंडनच्या ‘टाइम्स’नं त्याची टर उडवली. उडणारं यंत्र, ढकलगाडी आणि सर्कशीतला रथ यांची खिचडी, अशा अर्थाचं काहीतरी लिहिलं. मग जुलै महिन्यात परीक्षक ते यंत्र घेऊन टिपट्री गावच्या एका शेतात गेले. पाऊस पडलेला, पीक ओलं आणि हिरवं. कुठलंही यंत्र अडकावं अशीच परिस्थिती. मॅकॉर्मिकचं यंत्र मात्र चाललं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि त्याला कौन्सिल मेडल मिळालं. पदकामागं चिखलात उभे राहिलेले परीक्षक होते. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आपल्याकडं पन्नासेक वर्षांनी याच्या उलट घडलं. बेळगावात सायकलचं दुकान चालवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी लोखंडी नांगर बनवला. साल १९०३. लोखंडानं जमिनीला विष चढतं असा शेतकऱ्यांचा समज होता आणि पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. खपले ते कशामुळं? कुणीतरी नांगर घेतला, चालवला, शेजाऱ्यानं बांधावरून बघितलं. बांधावरचा शेजारी म्हणजे फी न घेणारा परीक्षक. आपल्या मोंढ्यात आजही तसंच आहे. तुरीच्या ढिगाऱ्यात हात घातल्याशिवाय कुणी सौदा करत नाही, पोत्यावर काय छापलंय ते नंतर.

आता १८९३ ला येऊ. ठिकाण शिकागो. हो, तेच शिकागो. स्वामी विवेकानंदांचं भाषण ज्या सर्वधर्म परिषदेत झालं, ती याच जागतिक प्रदर्शनाचा भाग होती. तिथं राजा रविवर्म्याची दहा चित्रं गेली होती. रविवर्मा केरळचा, पण त्याचा छापखाना १८९४ ला मुंबईत गिरगावात निघाला, नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तुमच्या आजीच्या देवघरातली लक्ष्मी-सरस्वती बहुतेक त्याच्याच चित्रांच्या वळणाची असेल. तर शिकागोत रविवर्म्याला ‘तीन सुवर्णपदकं’ मिळाली, असं तुम्ही इंटरनेटवर वाचलं असेल. जिथं तिथं तेच वाक्य कॉपी-पेस्ट केलेलं सापडतं.

गंमत अशी की त्या प्रदर्शनात सुवर्णपदक नावाचा प्रकारच नव्हता. पहिला-दुसरा-तिसरा असे नंबरही नव्हते. आयोजकांनी ठरवलं होतं की ठरलेल्या दर्जाला जो माल उतरेल त्या प्रत्येकाला एकच पदक द्यायचं, तेही ब्राँझचं. अशी वीस हजारांहून जास्त पदकं दिली गेली. रविवर्म्याचा गौरव झाला हे खरंच आहे. त्याची चित्रकला त्यामुळं रुपयाभरही कमी होत नाही. पण पदकाचं सोनं नंतर सांगणाऱ्यांनी चढवलं.

आणि हे फक्त आपणच करतो असं समजू नका. त्याच प्रदर्शनात पाब्स्ट नावाची अमेरिकन बिअर होती. ती कंपनी १८८२ पासूनच बाटल्यांच्या गळ्याला निळी रेशमी फीत बांधत होती. शिकागोनंतर तिनं बिअरचं नावच ब्लू रिबन करून टाकलं आणि अमेरिकेत आम्हीच नंबर एक, असं डब्यावर छापलं. प्रतिस्पर्धी कंपनीनं नंबरावरून बराच काळ भांडण केलं. शिकागोत निळी फीत कुणालाच मिळाली नव्हती, तरी ‘१८९३’ त्या डब्यावर अजून आहे. माझ्या मते पुरस्काराचा खरा धंदा इथं सुरू झाला. पदक आता मालाची परीक्षा राहिलं नाही, ते लेबलावरचं चित्र झालं. एकदा चित्र खपतंय हे कळल्यावर चित्र विकणारे येणारच.

मधला बराच काळ भराभर सोडतो, पण एक पुरस्कार सांगायलाच हवा. दुसऱ्या महायुद्धानंतर डेमिंग नावाचे अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ जपानला गेले. १९५० ला त्यांनी तिथल्या इंजिनिअरांना दर्जावर व्याख्यानं दिली. ती छापून विकली (आपल्यासारखंच ट्रान्स्क्रिप्ट!) आणि त्याचं मानधन डेमिंग यांनी घेतलं नाही. त्या पैशातून १९५१ ला डेमिंग पुरस्कार सुरू झाला. इथं परीक्षक कारखान्यात येतात, कामगारांना प्रश्न विचारतात, नोंदी उघडून बघतात. अर्ज करायच्या आधी कंपन्या काही वर्षं नुसती तयारी करतात. भारतात तो पहिल्यांदा १९९८ ला तमिळनाडूतल्या सुंदरम-क्लेटनला मिळाला, आणि २००३ ला महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागाला. ट्रॅक्टर बनवणाऱ्या कंपनीला हा पुरस्कार मिळण्याची ती जगातली पहिलीच वेळ.

इथं एक बारकावा आहे. डेमिंगच्या तपासणीचा खर्चही कंपनीलाच करावा लागतो. म्हणजे पैसे घेतले की पुरस्कार खोटा, असं सरळ म्हणता येत नाही. प्रश्न असा, की त्या पैशात काय येतं? परीक्षकाचं येणं-जाणं आणि तपासणी येते, की हॉटेलातलं जेवण, नटाचं मानधन आणि ट्रॉफी?

आता महाराष्ट्रातली मोठी गोष्ट. एन्रॉन. गुहागर तालुक्यातला दाभोळ वीज प्रकल्प. करार झाला १९९३ ला, रद्द झाला १९९५ ला, नव्या अटींवर परत आला, वीज सुरू झाली १९९९ ला. वीज इतकी महाग पडायला लागली की २००१ ला वीज मंडळानं ती घेणं थांबवलं. आणि याच काळात, १९९६ पासून २००१ पर्यंत सलग सहा वर्षं, ‘फॉर्च्यून’ मासिकाच्या यादीत एन्रॉन अमेरिकेतली सर्वांत नावीन्यपूर्ण कंपनी होती! २ डिसेंबर २००१ ला तिनं दिवाळखोरीचा अर्ज केला. हिशेबातला घोटाळा उघडा पडला होता.

‘फॉर्च्यून’नं पैसे खाल्ले का? नाही. तिथं वेगळीच अडचण होती. ती यादी मोठे अधिकारी, संचालक आणि शेअर विश्लेषक यांना विचारून बनायची. एन्रॉनबद्दल सगळे चांगलं बोलतायत म्हणून विचारलेला माणूसही चांगलं बोलायचा. कंपनीची वही कुणी उघडली नव्हती. ढिगाऱ्यात हात न घालता केलेला सौदा.

दुसरी गोष्ट हैदराबादची. हैदराबाद आपल्याला परकं नाही, १९५६ पर्यंत अहमदपूर तालुका हैदराबाद राज्यातल्या बिदर जिल्ह्यातच होता. आजही इकडची कितीतरी पोरं कॉम्प्युटरचं शिकून तिकडं नोकरी शोधतात. त्यांच्या आधीच्या पिढीचं स्वप्न होतं सत्यम. सप्टेंबर २००८ मध्ये सत्यमला ‘गोल्डन पीकॉक’ पुरस्कार मिळाला. कशासाठी? उत्तम कॉर्पोरेट गव्हर्नन्ससाठी, म्हणजे कारभार चोख ठेवल्याबद्दल. चार महिनेही झाले नाहीत. ७ जानेवारी २००९ ला अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबूल केलं की ताळेबंदात दाखवलेले ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत. शेअर एका दिवसात कोसळला. पुरस्कार नंतर काढून घेतला. ज्या पोरांच्या ऑफर लेटरवर सत्यमचं नाव होतं, त्यांना पुरस्कार काढून घेतल्यानं काय फरक पडणार होता?

पण ऑडिटरांनीही ते ताळेबंद मान्य केले होते, मग पुरस्कारवाल्यांनाच का बोलायचं, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. प्रामाणिक परीक्षकही फसतो. अमेरिकेत तर सरकारी बाल्ड्रिज पुरस्कार १९९० ला मिळवलेली ह्यूस्टनची वॉलेस कंपनी १९९२ ला दिवाळखोरीत गेली, आणि ती लबाड होती असंही नाही. तेलाच्या धंद्यात मंदी होती आणि दर्जावरचा खर्च तिला झेपला नाही. पुरस्कार कालच्या परीक्षेचा असतो, उद्याचा भरवसा देत नाही.

फसणं वेगळं आणि न बघणं वेगळं. त्याचा एक झकास पुरावा २००८ चाच आहे. रॉबिन गोल्डस्टीन नावाच्या लेखकानं इटलीत मिलान शहरात एक हॉटेल काढलं. फक्त कागदावर! वेबसाइट बनवली, फोन नंबर घेतला, वाइनची यादी तयार केली आणि ‘वाइन स्पेक्टेटर’ या नावाजलेल्या मासिकाकडं २५० डॉलर फी भरून अर्ज केला. यादीतल्या महागड्या वाइन मुद्दाम अशा निवडल्या होत्या की ज्यांना त्याच मासिकानं आधी वाईट गुण दिले होते. तरी अवॉर्ड ऑफ एक्सलन्स मिळालं. बोभाटा झाल्यावर मासिक म्हणालं, आम्ही फोन केला होता, आन्सरिंग मशीन लागलं. त्या वर्षी या मासिकाचे पुरस्कार मिळालेली हॉटेलं चार हजारांहून जास्त होती. चार हजार गुणिले अडीचशे डॉलर, हिशेब तुम्हीच करा.

आता परत आपल्या फोनवर येऊ. २०२३ ला महाराष्ट्र सरकारनं उद्योगरत्न पुरस्कार सुरू केला. पहिला रतन टाटांना, त्यांच्या कुलाब्याच्या घरी जाऊन दिला. त्याच वेळी उत्कृष्ट मराठी उद्योजक म्हणून नाशिकच्या सह्याद्री फार्म्सचे विलास शिंदे निवडले गेले. पण उद्योगरत्न, उद्योगभूषण अशी नावं खासगी संस्था आधीपासून वापरतायत. नाव ऐकून सरकारी वाटतं आणि घोळ तिथंच होतो. म्हणून फोन आला की नाव सोडा, एवढंच विचारा: माझं दुकान बघायला कोण आलं होतं? मागच्या वर्षी किती जणांना दिला, आणि किती जणांना नाकारला? पलीकडचा माणूस नाकारलेल्यांचा आकडा सांगू शकला नाही तर मला तरी पुढं काही विचारायची गरज वाटत नाही.

जाहिरातींवर लक्ष ठेवणारी एएससीआय नावाची संस्था १९८५ पासून आहे. जाहिरातीत पुरस्कार मिरवायचा असेल तर तो देणारी संस्था स्वतंत्र हवी आणि निवडीची पद्धत भक्कम हवी, असे तिचे नियम आहेत. बरीच वर्षं तिची सर्वात जास्त डोकेदुखी शिक्षण आणि आरोग्य या दोन क्षेत्रांतली होती. लातूर पॅटर्नच्या हद्दीत राहणाऱ्यांना यात काय नवल वाटणार म्हणा.

एक व्यवहाराची गोष्ट सांगून थांबतो. असेच फोन करणारे कधीकधी उद्यम नोंदणी करून देतो म्हणूनही पैसे मागतात. सरकारच्या पोर्टलवर ती नोंदणी पूर्ण फुकट आहे, आधार नंबर लागतो. आणि कर्जासाठी बँकेत गेलात तर मॅनेजर रिटर्न बघतो, जीएसटी बघतो, सिबिल बघतो आणि मशिनरीचं कोटेशन मागतो. ट्रॉफीचा रकाना त्या फॉर्मवर नाही.