ध्वनिमुद्रिका आणि पाठचिकित्सा : संग्रह, तुलना व संगीताचा इतिहास

१

आचोळे हे एके काळचे स्वतंत्र गाव आज वसई-विरार महानगराच्या दाट वस्तीत, नालासोपारा रेल्वेस्थानकाच्या पूर्वेस मिसळून गेले आहे. रुळांच्या पश्चिमेस सोपारा, म्हणजे प्राचीन शूर्पारक. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी येथील स्तूपाचे उत्खनन केले आणि त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक भग्न तुकडा त्यांच्या हाती लागला. पुढे १९५६ मध्ये जवळच्या भुईगावी नवव्या लेखाचा तुकडा सापडला. या तुकड्यांवर सलग मजकूर नाही. तरीही ते कोणत्या लेखाचे आहेत हे निश्चित करता आले, कारण गिरनार, कालसी, धौली, शाहबाजगढी या ठिकाणचे पाठ आधीच संगृहीत झालेले होते. एकट्या तुकड्याला अर्थ नव्हता. अनेक पाठ शेजारी ठेवल्यावर तो पुरावा ठरला. गिरनार आणि शाहबाजगढी येथील पाठांत भाषेचे व लिपीचे भेद असूनही त्यांच्यामागे एकच राजाज्ञा आहे, हे गृहीतक या वाचनाच्या मुळाशी होते.

शास्त्रीय संगीताच्या जुन्या ध्वनिमुद्रिकांचा संग्रह आणि त्यांची तुलना हा उद्योग वरवर पाहता याच जातीचा आहे. तीन-सव्वातीन मिनिटांची तबकडी हाही एका मोठ्या गायनाचा तुकडाच. तो ओळखावा, त्याचा काळ ठरवावा, दुसऱ्या तुकड्याशी ताडून पाहावा, हे काम महाराष्ट्रातील संग्राहकांनी बहुतांशी विद्यापीठीय व्यवस्थेच्या बाहेर राहून केले. परंतु साम्य येथवरच टिकते. दोन शिलालेखांच्या मागे एक राजाज्ञा असते. दोन गायनांच्या मागे काय असते? ध्वनिमुद्रिकांच्या तुलनेवर संगीताचा इतिहास उभारायचा, तर या प्रश्नाला बगल देता येत नाही.

२

भारतातील व्यावसायिक तबकडी-मुद्रणाचा आरंभ १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यास झाला. ग्रामोफोन कंपनीचे तंत्रज्ञ फ्रेड गायसबर्ग यांनी गौहरजान यांचे गायन त्याच वेळी मुद्रित केले. मूळ मुद्रणे जर्मनीतील हॅनोव्हर येथे पाठवून तबकड्या तेथे दाबल्या जात; १९०८ मध्ये कलकत्त्यास कारखाना निघाल्यावर ही पायपीट संपली. गायनाच्या शेवटी गौहरजान स्वतःचे नाव उच्चारतात, ते लेबल लावणाऱ्या परदेशी कामगारांना ओळख पटावी म्हणून, असे सांगितले जाते. १९२५ च्या सुमारास विद्युत्-मुद्रणाची पद्धती आली. तोवर गायकाला कर्ण्याच्या तोंडाशी बसून मोठ्या आवाजात गावे लागे. या काळातील तबकडीवरील आवाज काही अंशी गायकाचा आणि काही अंशी त्या कर्ण्याचा असतो, याचे भान तुलनाकाराने सोडता कामा नये.

संग्राहकांच्या शिस्तीचे महत्त्व येथे प्रत्ययास येते. तबकडीवरील लेबल, सूचीक्रमांक, मेणावर कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक, त्यामागून येणारा फेरमुद्रणाचा आकडा, कंपनीची छापील सूचिपत्रे अशा साधनांतून मुद्रणाचा काळ ठरवावा लागतो. एकाच चिजेचे दोन प्रयत्न मुद्रित झाले आणि दोन्ही बाजारात आले, तर त्या दोन स्वतंत्र वस्तू होत. वेगाचा प्रश्न याहून नाजूक आहे. आरंभीच्या तबकड्या मिनिटाला नेमक्या ७८ फेऱ्यांनी मुद्रित झालेल्या असतातच असे नाही. मूळ मुद्रण सुमारे ७३.५ फेऱ्यांचे असेल आणि ते ७८ ने वाजवले, तर काळी एकचा षड्ज पांढरी दोनवर जातो आणि लयही त्याच प्रमाणात चढते. एखाद्या गायकाची पट्टी उंच होती, त्याची तान विलक्षण द्रुत होती, अशी विधाने करण्यापूर्वी यंत्राचा वेग तपासलेला असणे आवश्यक आहे. प्रशंसा गायकाची व्हायची, ती मोटारीची होऊ नये.

या कामाला संस्थात्मक रूप १९९० मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ने दिले. सुरेश चांदवणकर यांच्या पुढाकाराने निघालेल्या तिच्या ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकात सूची आणि गायकचरित्रे प्रसिद्ध होत गेली. ऑस्ट्रेलियातील अभ्यासक मायकेल किनियर यांचा कंपनीच्या १८९९ ते १९०८ या काळातील भारतीय मुद्रणांचा ग्रंथ १९९४ मध्ये मुंबईतूनच निघाला. हस्तलिखितांच्या जगात सूचिकार जे करतो, तेच कार्य येथे घडले. सूचीवाचून तुलना म्हणजे आठवणींची देवघेव. सूचीमुळे तिला तपासता येण्याजोगे रूप येते.

३

सूची सिद्ध झाल्यावर खरा सैद्धान्तिक प्रश्न उभा राहतो. पाठचिकित्सेचा सर्वांत मोठा भारतीय आदर्श पुण्यातच घडला. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ मध्ये आरंभ झालेली आणि १९६६ मध्ये पूर्ण झालेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती शेकडो हस्तलिखितांच्या ताडणीतून उपलब्ध पुराव्यानुसार प्राचीनतम पाठाकडे जाऊ पाहते. भेद म्हणजे कालौघात साचलेली भर किंवा घट. ती दूर केली की मूळ जवळ येते, अशी या पद्धतीची दिशा आहे. विष्णु नारायण भातखंडे यांनी निरनिराळ्या परंपरांच्या बंदिशी जमवून क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत त्या लिपिबद्ध केल्या, तेव्हा त्यांच्यापुढेही पाठभेदांचा प्रश्न होताच. बंदिशीपुरती ही दृष्टी काही प्रमाणात लागू पडते, कारण बंदिशीला शब्द आणि बांधणी असते.

रागाच्या विस्ताराला ती लागू पडत नाही. येथे मौखिक महाकाव्याच्या अभ्यासाने दिलेला धडा उपयोगी आहे. मिल्मन पॅरी आणि आल्बर्ट लॉर्ड यांनी १९३० च्या दशकात युगोस्लाव्हियातील गायकांची महाकाव्ये तबकड्यांवर मुद्रित केली. तोच गायक तेच आख्यान पुन्हा गातो तेव्हा शब्द बदलतात, लांबी बदलते. १९६० च्या आपल्या ग्रंथात लॉर्ड यांनी निष्कर्ष मांडला की अशा परंपरेत प्रत्येक गायन हेच मूळ असते. ज्याचे पाठभेद व्हावेत अशी आधीची संहिताच तेथे नसते. ख्यालगायकीला हे विधान बरेचसे मानवते. मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या १९३० च्या दशकातील तबकड्या आणि पुढील काळातील दीर्घ ध्वनिमुद्रणे यांमध्ये ग्वाल्हेरची तालीम, नंतर मंजी खाँ व बुर्जी खाँ यांच्याकडून मिळालेली जयपूरची विद्या आणि अनेक वर्षांचा रियाज उभा आहे. यांतील कोणते गायन ‘मूळ मन्सूर’ असे विचारणे निरर्थक ठरते. त्यांच्या तुलनेतून घडणीचा आलेख मिळतो, मूळ पाठ मिळत नाही.

तेव्हा दोन पातळ्या वेगळ्या राखणे अगत्याचे आहे. तबकडी ही वस्तू आहे; तिच्या बाबतीत पाठचिकित्सेची सारी कठोरता हवी. गायन हा प्रयोग आहे. त्याच्या बाबतीत मूळ शोधण्याचा मोह आवरायला हवा. या पातळ्यांची गल्लत झाली की सव्वातीन मिनिटांत बसवलेला ख्याल हा गायकाच्या विस्तारशक्तीचा पुरावा मानला जातो. वास्तविक तो काटकसरीच्या शक्तीचा पुरावा असतो. त्या मर्यादेत काय ठेवावे आणि काय गाळावे हा निर्णय गायकाचा स्वतःचा आहे, आणि समीक्षेच्या दृष्टीने तो कमी मोलाचा नाही.

४

या विवेकाची कसोटी घराण्यांच्या इतिहासात लागते. वामनराव देशपांडे यांच्या ‘घरंदाज गायकी’ (१९६१) या ग्रंथाने स्वर आणि लय या दोन तत्त्वांच्या संबंधावरून घराण्यांची मांडणी केली. स्वराकडे सर्वाधिक कललेले किराणा, लयीकडे कललेले आग्रा आणि दोहोंचा तोल साधणारे जयपूर, अशी ती मांडणी आजही मराठी संगीतविचाराला आकार देते. तिचा आधार प्रत्यक्ष मैफलींचे सूक्ष्म श्रवण हा होता. ध्वनिमुद्रिकांचा पुरावा या मांडणीला खोडून काढत नाही, पण तिच्या कडा मोकळ्या करतो. किराण्याचे अब्दुल करीम खाँ (मृत्यू १९३७) यांच्या तबकड्यांत ख्याल आहे, ठुमरी आहे, मराठी पद आहे आणि त्यागराजांची कर्नाटक कृतीही आहे. त्यांच्या सरगमेवरील दाक्षिणात्य संस्कार कानाला स्पष्ट जाणवतो. ‘शुद्ध किराणा’ या कल्पनेचा उद्गम ज्या पुरुषाकडे नेला जातो, त्याचाच पुरावा मिश्रणाची साक्ष देतो.

दुसरी साक्ष स्त्रियांची आहे. घराण्यांचे वंशवृक्ष पिता, पुत्र, जावई, शिष्य अशा पुरुषांच्या नावांनी भरलेले असतात. आरंभीच्या दोन दशकांच्या तबकड्यांत मात्र गाणाऱ्या स्त्रियांचा वाटा फार मोठा आहे. आग्रेवाली जोहराबाई (मृत्यू १९१३) यांच्या तबकड्यांतील ख्यालगायन आजही थक्क करते, आणि आग्रा घराण्याच्या फैयाज खाँ यांच्यावर त्यांच्या गायकीची छाप होती असे मानले जाते. पुढे कुलीन म्हणवणाऱ्या घरांतील स्त्रिया गाऊ लागल्या तेव्हा काही लेबलांवर नावापुढे ‘ॲमॅच्युअर’ हा शब्द छापला गेला. तेवढ्या एका शब्दात प्रतिष्ठेचा सारा सामाजिक व्यवहार सामावला आहे. कानाने ऐकायच्या वस्तूवरील ही डोळ्याने वाचायची अक्षरे संग्राहकाने जपली नसती, तर वंशवृक्षाला उलटतपासणीच झाली नसती.

तिसरी साक्ष मौनाची. भास्करबुवा बखले (मृत्यू १९२२) आणि अल्लादिया खाँ (मृत्यू १९४६) हे महाराष्ट्राच्या गायनपरंपरेचे दोन आधारस्तंभ. दोघांचीही ध्वनिमुद्रिका उपलब्ध नाही. किराण्याचे अब्दुल वहीद खाँ (मृत्यू १९४९) नभोवाणीवरून झालेल्या मोजक्या प्रक्षेपणांच्या मुद्रणांमुळेच ऐकू येतात. केसरबाई केरकर यांची भैरवी मात्र १९७७ मध्ये व्हॉयेजर यानावरील तबकडीतून सूर्यमालेबाहेरच्या प्रवासाला निघाली. गुरूचा आवाज मागे उरला नाही आणि शिष्येचा अंतराळात गेला, हा योग इतिहासकाराला सावध करणारा आहे. उपलब्धता आणि श्रेष्ठता यांचा परस्परांशी संबंध नाही. तरीही ज्यांच्या तबकड्या आहेत त्यांच्याभोवतीच इतिहास लिहिला जाण्याचा धोका कायम राहतो. अल्लादिया खाँ यांची गायकी केसरबाई, मोगूबाई कुर्डीकर आणि मन्सूर यांच्या मुद्रणांवरून अनुमानाने जाणता येते. ते अनुमान आहे, हे मात्र प्रत्येक वेळी नमूद व्हायला हवे.

तबकडीने परंपरेची केवळ नोंद केली असेही नाही. तिने परंपरा घडवलीही. कुमार गंधर्व (१९२४–१९९२) बालवयात नामवंतांच्या तबकड्यांतील गायन हुबेहूब गाऊन श्रोत्यांना चकित करीत. भीमसेन जोशी यांच्या गायनाच्या ओढीमागे अब्दुल करीम खाँ यांची तबकडी होती. गुरुमुखाची जागा येथे यंत्राने क्षणभर घेतली. त्यानंतरच्या किराणा गायकीत काय गुरूकडून आले आणि काय तबकडीवरून, हे वेगळे करायचे तर मुद्रणकालाची नोंद निर्णायक ठरते.

आज बहुसंख्य जुनी मुद्रणे संगणकीय रूपात सहज मिळतात, आणि विद्यार्थ्याला दुर्मीळतेचा अडसर उरलेला नाही. परंतु या रूपांतरात आवाज पुढे येतो आणि वस्तू मागे राहते. लेबल, मॅट्रिक्स क्रमांक, मूळ वेग यांच्याशिवाय फिरणारा आवाज हा स्थळ न नोंदवता उचलून आणलेल्या शिलाखंडासारखा आहे. सोपाऱ्याचा तुकडा बोलका झाला तो दोन कारणांनी : तो कोठे सापडला हे ठाऊक होते, आणि त्याच्या शेजारी ठेवण्यास इतर पाठ होते. ध्वनिमुद्रिकेलाही हे दोन्ही आधार लागतात. त्यानंतरचे काम मात्र शिलालेखाच्या अभ्यासाहून निराळे आहे. दोन गायनांतील अंतर मिटवून एक पाठ सिद्ध करणे येथे साध्य नसते. ते अंतर नेमके मोजून कायम ठेवणे हेच साध्य असते, कारण ख्यालाची परंपरा त्या अंतरातच नांदते.