सांदवाडीतला गोंदा

दसऱ्याच्या दिवशी गोंद्याचं तोरण नसलेलं दार आमच्या सालेकसा तालुक्यात शोधूनही सापडायचं नाही. पुण्या-मुंबईकडे ज्याला झेंडू म्हणतात, तोच हा गोंदा. माझी माय तो मुद्दाम पेरत नसे. आदल्या साली सुकलेली फुलं घरामागच्या सांदवाडीत कुस्करून टाकायची, मृगाच्या पावसात रोपं वर यायची, दाट झालेली उपटून ती शेजारणीला द्यायची. सूर्यफूल, शेवंती यांच्याच कुळातलं हे झाड. आपण ज्याला एक फूल म्हणतो तो खरं तर अनेक बारीक फुलांचा झुबका, आणि त्यातल्या बहुतेकांच्या बुडाशी आपापलं काळं बी. म्हणून एका सुकल्या फुलातून सबंध वाफा उठायचा. शेतात धान, घरामागे गोंदा. तो विकायचं कुणाच्या मनातही येत नसे.

इतकं घरचं फूल, म्हणून ते पुराणकाळापासून आपलंच असणार असं सगळे धरून चालतात. तसं नाही. त्याचा मूळ मुलूख मेक्सिको. अझ्टेक लोकांच्या पूजेत आणि औषधांत तो होता. सहागुन या स्पॅनिश धर्मगुरूने सोळाव्या शतकात त्यांच्या चालीरीती लिहून ठेवल्या, त्यांत त्याचं वर्णन आहे. १५२१ मध्ये स्पॅनिशांनी अझ्टेकांची राजधानी घेतली आणि १५४२ मध्ये फुक्स या जर्मन वैद्याच्या वनस्पतिग्रंथात झेंडूचं चित्र छापलंसुद्धा गेलं. पुढे पोर्तुगीजांच्या हातून मिरची, तंबाखू आले, तसाच तोही आपल्या किनाऱ्याला लागला. त्याआधीच्या एकाही दसऱ्याला, एकाही दिवाळीला आपल्याकडे झेंडू नव्हता.

मग किनाऱ्यापासून एवढ्या लांब, आमच्या झाडीत, तो देवघरापर्यंत कसा पोचला? माझ्या मते हे काम ऋतूने केलं. आमच्या जंगलाचा खरा फुलोरा फाल्गुन-चैत्रातला: पळस, मोह, सावर. मोठे सण मात्र आश्विन-कार्तिकात. तेव्हा तळ्या-बोड्यांत कमळ असतं, पण घरोघरी माळा होतील एवढं फूल जंगल देत नाही. दिवस लहान होऊ लागले की गोंदा बहरतो. हलका धान पिवळा पडतो त्याच सुमाराला तो भरात असतो, सुईत ओवला तरी विस्कटत नाही, तोडल्यावर दोन-तीन दिवस सहज टिकतो. मेक्सिकोतही १ आणि २ नोव्हेंबरला पितरांच्या वाटेवर याच फुलाच्या पाकळ्या अंथरतात, म्हणजे आपल्या दिवाळीच्या आगेमागेच. दोन्हीकडच्या माणसांनी एकमेकांना न विचारता तेच फूल निवडलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

नवरात्रात सालेकसाहून दरेकसा मागे टाकत गाडी डोंगरगडला जाते, तेव्हा बम्लेश्वरीच्या दर्शनाला निघालेल्या बायांच्या थैल्यांत गोंद्याच्या माळा असतात. बलिप्रतिपदेला गायगोधनात गोवारी बांधव गाईंना सजवतात, गळ्यात पुन्हा तोच. मग गावोगाव मंडईची जत्रा भरते, रात्री दंडारीचा खेळ रंगतो. सीमेपलीकडे दुर्गजवळच्या बघेऱ्याला दाऊ रामचंद्र देशमुखांनी १९७१ मध्ये छत्तीसगढी लोककलेचं पथक उभं केलं, त्याचं नावही त्यांनी ‘चंदैनी गोंदा’ ठेवलं.

आता धानाच्या बांधीशेजारी गोंद्याचे वाफे दिसतात. रोपं विकत आणतात, फांद्या फुटाव्यात म्हणून शेंडे खुडतात, तोडा दसऱ्याच्या बेताने धरतात. काही जण टोमॅटोजवळ मुद्दाम लावतात, कारण त्याच्या मुळांतल्या द्रव्यामुळे सूत्रकृमींना आळा बसतो. शेतकऱ्याच्या हातात सणाला पैसा येतो, हे चांगलंच आहे. पण दसऱ्याला सकाळी चढलेला भाव दुपारनंतर कोसळतो आणि उरलेल्या फुलांचे ढीग रस्त्याकडेला पडतात, हे पाहवत नाही. शिवाय संकरित झेंडूचं बी धरलं तर पुढच्या साली तसंच फूल येईल याचा भरवसा नसतो. बुटक्या, उग्र वासाच्या गावठी गोंद्याचं बी मात्र पिढ्यान्‌पिढ्या हातोहात चालत आलं, आणि ते राखलं बायकांनी, फुकट. ज्यांच्या सांदवाडीत तो अजून आहे त्यांनी या दिवाळीनंतर चार फुलं झाडावरच सुकू द्यावीत, बी कागदात बांधून ठेवावं आणि त्यातलं थोडं शेजारी द्यावं.